माणसं मोजणारी निशा

दिवाळी अंकाचे संपादक परवा फोनवर म्हणाले, "नंदिनीताई, निशा कुरणेवर लिहाच तुम्ही. पण जरा संघर्ष घाला. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे." मी म्हटलं, "पाणीच काढायचं असेल तर मंडईतनं किलोभर कांदे आणा की, माझ्यामागं कशाला लागलाय?" आणि फोन ठेवून दिला. नंतर पाच मिनिटं स्वयंपाकघरात एकटीच बडबडत होते. मला राग लवकर येतो, हे राजारामपुरीत दहा गल्ल्यांना माहीत आहे. पण हा राग माझा नव्हे, तो मला निशानं लावलाय. म्हणून लिहायला बसले.

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीत कंदिलाच्या उजेडातला अभ्यास नाही. निशाच्या घरी मलकापुरात लख्ख ट्यूबलाइट होती. वडील एसटीत मेकॅनिक, आई अंगणवाडीत सेविका. पोरगी बी.कॉम. झाली, कोल्हापुरात नोकरीला लागली, राजारामपुरीत मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहिली आणि स्कुटी फिरवू लागली. बौद्ध घरातली मुलगी म्हटलं की लिहिणाऱ्याच्या लेखणीतून आपोआप जो चिखल गळायला लागतो, तो इथं मिळायचा नाही. पाहिजे असेल तर दुसरीकडं बघा.

तिची नोकरी मात्र ऐकण्यासारखी. टीव्हीवर कोण काय बघतं हे मोजायला काही निवडक घरांत एक छोटं मीटर बसवतात. त्याच्याबरोबर एक रिमोट देतात. घरातल्या प्रत्येक माणसाला एकेक नंबर. टीव्हीसमोर बसलं की आपल्या नंबराचं बटण दाबायचं, उठलं की परत दाबायचं. पाहुणा आला तर पाहुण्याचं बटण वेगळं. एवढ्यावरून तिकडं पुण्या-मुंबईत ठरतं, कुठला कार्यक्रम चालला आणि कुठला आपटला. निशाकडं जिल्ह्यातली चाळीसेक घरं होती. महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जायचं, मीटर चालतंय का, माणसं बटणं दाबतात का, ते बघायचं. नियम दोन, आणि दोन्ही कडक. कुठल्या घरात मीटर आहे ते कुणाला सांगायचं नाही. आणि घरात जन्म, मृत्यू, लग्न, कशानंही माणूस वाढलं-घटलं, तर आठवड्याच्या आत ऑफिसला कळवायचं.

माझ्या वर्गात ती आली ती या नोकरीमुळंच. मी बावीस वर्षं माध्यमांचा अभ्यास शिकवते. एका दातांच्या दवाखान्याच्या वर संध्याकाळचा वर्ग भरतो. खाली ड्रिल मशीन, वर मी. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, का आलास, का आलीस. बाकीच्यांनी सांगितलं, अँकर व्हायचंय. निशा म्हणाली, "मॅडम, मी माणसं मोजते. पण ती टीव्ही बघतात म्हणजे नेमकं काय करतात, ते मला कळत नाही. ते शिकायला आलीय." बावीस वर्षांत इतकं धड कारण मला कुणी दिलं नव्हतं.

मी शिकवायची ते असं. जुने पंडित म्हणायचे, प्रेक्षक म्हणजे रिकामी घागर, वरून ओतलं की भरली. त्यांच्या नंतरचे म्हणाले, तसं नव्हे, माणूस आपल्याला पाहिजे तेवढंच घेतो. कुणी करमणूक घेतो, कुणी माहिती, कुणी नुसती सोबत. त्याच्याही नंतरचे म्हणाले, पाठवणारा एक अर्थ भरून पाठवतो, पण बघणारा काही मुकाट घेत नाही. कुणी घेतो, कुणी भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करतो, कुणी तोंडावर परत फेकतो. वर्ग लिहून घ्यायचा, मी फळा पुसायची आणि घरी जायची.

निशानं हात वर केला. "मॅडम, माझी आई तिन्ही करते, आणि एकाच भागात करते. नायिका रडाय लागली की म्हणती, 'खरं गं बाई.' नायिका भांडून घर सोडते आणि रात्रीच्या आत परत येते, तेव्हा म्हणती, 'हिला दुसरं कुठं जायाला जागा न्हाय व्हय? नोकरी बघ की भवाने!' आणि ती दुष्ट जाऊ दिसली की म्हणती, 'निशे, ह्या काठाची साडी मला एक आण.' आता हिला कुठल्या खान्यात घालू?" वर्ग फुटला हसून. मी म्हटलं, "तिन्ही खान्यांत घाल आणि मला चहा पाज." त्या दिवसापासून माझ्या पिवळ्या पडलेल्या नोट्सच्या समासात तिच्या आईची वाक्यं जाऊन बसली. अजून आहेत.

पुढचं प्रकरण कथनाचं. कुठलीही गोष्ट घ्या, आधी सगळं सुरळीत असतं, मग काहीतरी विस्कटतं, कुणीतरी ते सावरायला निघतं, आणि शेवटी नवी घडी बसते. त्याच्या पुढचं प्रकरण चित्रणाचं. कोण दाखवतं, कुणाला दाखवतं, कसं दाखवतं, आणि कोण मुळी दिसतच नाही.  शेवटच्या वाक्याखाली निशानं वहीत दोनदा रेघ मारली. मी ते बघितलं आणि पुढं गेले, कारण अभ्यासक्रम संपवायचा होता.

तिच्या कामाची पद्धत मला फार आवडायची. या कामातले बाकीचे लोक घरात शिरले की आधी मीटरकडं धावतात. ही आधी चहा घ्यायची. घरातली माणसं जिथं बसून टीव्ही बघतात तिथंच, खाटेवर असेल तर खाटेवर, सतरंजीवर असेल तर सतरंजीवर, जाऊन बसायची. 'टीव्ही बघता का' असं कधी विचारायची नाही. 'काल त्या धाकट्याचं काय झालं ओ?' असं विचारायची. बघणारा भडाभडा सांगायचा, न बघणारा अडखळायचा. सगळी तपासणी चहाच्या कपात उरकायची आणि तपासल्याचं कुणाला कळायचंही नाही. चाळीस घरांत एकानंही दोन वर्षांत मीटर परत न्या म्हटलं नव्हतं.

त्यातलं एक घर वारणेच्या बाजूला, साखर कारखान्याच्या कामगारांच्या कॉलनीत. याहून जास्त पत्ता मी देणार नाही. त्या घरातलं मीटर आता मुदत संपून निघालंय आणि घरच्या बाईंनी, बयाबाईंनी, 'माझं नाव घालून लिव्हा' म्हणून बजावलंय, म्हणून एवढं तरी लिहिते.

घरात चार माणसं. बयाबाई, त्यांचे मालक धोंडीराम, मुलगा आणि सून. धोंडीरामांना सगळी कॉलनी आण्णा म्हणायची. तीस वर्षं कारखान्यात बॉयलरवर काढून निवृत्त झालेले. तरुणपणी एका गायन पार्टीत कोरसात असायचे. दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला एका चॅनेलवर तासभर गायन पार्ट्यांचा कार्यक्रम लागायचा, बुद्धाची, बाबासाहेबांची गाणी. आण्णा इतर वेळी बातम्या बघायचे, कुस्ती बघायचे, पण शनिवारी धुतलेला शर्ट घालून वेताच्या खुर्चीत बसायचे आणि ऑफिसात शिक्का मारावा तसं एक नंबरचं बटण दाबायचे. "मी दाबलं की वर कळतंय. आपली गाणी बघणारं माणूस हाय, हे कळतंय." निशानं त्यांना दहा वेळा सांगितलं, आण्णा, हे मतदान नव्हे. ते म्हणायचे, "पोरी, मोजत्यात म्हणजे मतच की."

गेल्या वर्षी ऑगस्टात आण्णा गेले. निशा नेहमीसारखी महिन्याच्या फेरीला गेली, तर भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंशेजारी आण्णांचा फोटो, हार ताजा. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आदल्याच दिवशी झालेला. तिनं फोटोला हात जोडले, मग नियमाप्रमाणं बॅगेतून फॉर्म काढला. बयाबाईंनी तिचं मनगट धरलं. "नाव काढू नगंस बाळ. एवढं थोडं दिवस ऱ्हाऊ दे." निशानं फॉर्म परत बॅगेत ठेवला. तिला वाटलं, बटण काही कोणी दाबणार नाही, चार दिवसांनी कळवू, आणि ते तसंच राहिलं. चूकच ती. ती स्वतः चूक म्हणते आणि मीही म्हणते.

पाच आठवड्यांनी तिचे सुपरवायझर उन्मेष सर यांनी तिला बोलावलं. माणूस चांगला. नुकतंच त्यांनी निशाचं नाव प्रमोशनसाठी पाठवलं होतं. पुण्याला ट्रेनिंग, मग हाताखाली सहा माणसं. निशा त्या पुण्याची वाट दोन वर्षं बघत होती, बॅगसुद्धा नवी आणून ठेवली होती. उन्मेष सर म्हणाले, "हे बघ गं. ह्या घरातला एक नंबरचा माणूस आठवडाभर टीव्हीकडं फिरकत नाही. शनिवारी बरोबर साडेसहाला बसतो आणि साडेसातला उठतो. सलग पाच आठवडे. काय भानगड आहे? सोमवारपर्यंत बघून सांग."

एक नंबर म्हणजे आण्णा.

त्या दिवशी ती वर्गाच्या आधी अर्धा तास आली. चेहरा उतरलेला. नाव-गाव न सांगता तिनं मला सगळं सांगितलं. खरं सांगितलं तर नोकरी धोक्यात, पुणं गेलंच. खोटं सांगितलं तर पुढं रोज खोटं. आणि मी काय केलं? मला तिची काळजी वाटायला पाहिजे होती की नको? माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. मी टेबलावर थाप मारली. "अगं निशा! म्हातारी बाई, नवरा गेलेला, रिकामी खुर्ची, आणि ती त्याच्या नावाचं बटण दाबून दर शनिवारी त्याला जिवंत करते! हाच तुझा कोर्सचा प्रबंध! लिही हे!" माझेच डोळे भरून आले होते.

निशानं माझ्याकडं बघितलं. अशी ती कधी बघायची नाही. "मॅडम, तुम्ही त्या बाईला बघितलंय?"

"नाही."

"तिनं बटण का दाबलं, तुम्हाला माहीत आहे?"

"उघड आहे की."

"मला नाही उघड. मी दोन वर्षं त्या घरात चहा पिते आणि मला माहीत नाही. तुम्हाला ऐकून दोन मिनिटं झाली, तेवढ्यात घडी विस्कटली काय, बाई रडली काय, शेवट झाला काय! तुम्हीच शिकवता की, गोष्ट कोण सांगतंय ते आधी बघा म्हणून."

तोंडात मारल्यासारखं झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चित्रणातल्या चुका फळ्यावर काढत होते, आणि एका न बघितलेल्या बाईला मी दोन मिनिटांत पांढरी साडी नेसवून खुर्चीशेजारी बसवलं होतं. लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो. मी म्हटलं, "मग नोकरी घालवणार आहेस काय?" ती म्हणाली, "सोमवारचं सोमवारी बघू. शनिवारी साडेसहाला मी त्यांच्या घरी जाणार आहे." आणि वर्गात जाऊन पुढच्या बाकावर बसली.

पुढचं मला निशानं सांगितलं आणि बयाबाईंनीही सांगितलं. दोघींचं जुळतंय.

निशा आतापर्यंत त्या घरी नेहमी सकाळी जायची. शनिवारची संध्याकाळ तिनं तिथं कधी बघितलीच नव्हती. सव्वासहाला शेजारच्या बायका यायला लागल्या. एकीच्या मांडीवर तांदळाचं ताट, एकीच्या हातात लसूण, एकीच्या कडेवर पोर. सहाजणी सतरंजीवर बसल्या. बयाबाई आतून आल्या, रिमोट घेतला, एक नंबरचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, रिमोट आण्णांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि परत आत भाकऱ्या थापायला गेल्या. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. गावची बाई नळाची तोटी बंद करून जाते तेवढ्याच सहजपणे.

गाणी सुरू झाली. आतून भाकरीच्या थापांचा आवाज आणि मधूनच बयाबाईंचा. "आगं, मागच्या शनवारी पेटीवर दुसराच हुता की!" "ह्या बाईचा आवाज बसलाय बघ आज."

साडेसातला कार्यक्रम संपला. निशानं सरळ विचारलं, "मावशी, आण्णांचं बटण का दाबता?"

"मग काय करू?" बयाबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "त्यांनी जाताना सांगितलंय, बये, शनवार चुकवू नगंस, न्हायतर बंद करत्याल. ते हुते तवर ह्या गाण्यांस्नी आमच्या घरातलं एक माणूस हुतं. तू नाव काढलंस म्हंजी कोण उरलं? आमची माणसं कुठंबी मोजाय आलं की कमीच धरत्यात. त्यात मी माझ्या हातानं आणि एक कमी करू व्हय?"

बाई नवऱ्याला जिवंत करत नव्हती. बाई नवऱ्यानं सोपवलेलं काम करत होती, आणि चोख करत होती. माझी ती खुर्ची, तो शोक, सगळं माझ्या घरचं होतं.

 बयाबाई बोलल्या ते निशाला परकं नव्हतं, ते तिच्या आईनं, मामानं, सगळ्यांनी तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं. आणि उन्मेष सरांना द्यायचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. 'आण्णा आजारी असतात, आठवड्यातून एकदाच बसतात.' एका वाक्यात पुणं पदरात, बयाबाई खूश, आणि गाण्यांचा एक माणूस शाबूत. कुणाला कळलं असतं? मला विचाराल तर मी तेच वाक्य बोलले असते.

तेवढ्यात तिची नजर सतरंजीवर गेली. "मावशी, ह्या दर शनवारी येतात?"

"येत्यात की. दोन वर्सं झाली."

"मग पाहुण्याचं बटण कधी दाबत नाही ते?"

 बयाबाई कडाडल्या, "ह्या काय पाव्हण्या हाईत व्हय? ही शिवानी लगीन होऊन आली तवापास्नं माझ्या चुलीवर शिकली. हिला पाव्हणी म्हणू? उद्या दारात तरी उभी करंल का मला?" शिवानी लसूण सोलता सोलता म्हणाली, "दाबून तरी बघा मावशी, मग सांगतो."

सगळ्या हसल्या. निशाही हसली आणि मग तिला आपलाच राग आला. सहा जित्या बाया, दोन वर्षं, दर शनिवारी, आणि कागदावर एकही नाही. का? तर या घरात शेजारणीला पाहुणी म्हणणं हा अपमान आहे आणि ते विचारायला ती कधी संध्याकाळी आलीच नव्हती. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, लोकांना बटणं दाबता येत नाहीत. ही म्हणाली, मला विचारता आलं नाही. तिच्यातला हा गुण मी दुसऱ्या कुणात बघितलेला नाही, माझ्यात तर नाहीच.

ती बयाबाईंच्या पुढ्यात जाऊन खाली बसली. "मावशी, हितं सहा माणसं जिती बसल्यात, ती सोडून तुमी गेलेल्या माणसाला मोजाय लागलाय. आणि ऐका, एक खोटं सापडलं की पुऱ्या घराचं गेलं. तुमचं, पोराचं, सुनंचं, सगळं कचऱ्यात टाकत्यात. मग एक न्हवं, घरच गेलं की मोजणीतनं."

 बयाबाई पदराला हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "बॉयलरचा काटा बघून त्यांस्नी तासातासाला आकडा लिवायला लागायचा. तीस वर्सं लिवला. झोप आली म्हणून कुणी अंदाजानं आकडा टाकला की लई शिव्या द्यायचे. म्हणायचे, खोट्या आकड्यानं माणसं मरत्यात." मग निशाकडं वळल्या. "काढ नाव. पर माझ्यादेखत काढ."

सोमवारी निशानं अहवाल लिहिला. सदस्याचा मृत्यू अमुक तारखेचा. मला त्याच महिन्यात समजला होता. मी पाच आठवडे कळवला नाही. चूक घरातल्या लोकांची नाही, माझी आहे. उन्मेष सरांनी वाचलं आणि दार लावून घेतलं. "अगं, हे कशाला लिहितेस? आत्ताच कळलं असं लिही, मिटलं." निशा म्हणाली, "सर, मीटर बसवताना मी घरोघर सांगते, खरं असेल तेवढंच दाबा. मग मला वेगळा नियम कसा?" सरांनी कागद पुढं पाठवला. त्या घराचे पाच आठवडे रद्द झाले, निशाला मेमो मिळाला आणि पुण्याच्या यादीतनं तिचं नाव गेलं.

मी तिला खूप बोलले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, नवी बॅग आहे, तुम्हाला पाहिजे का?" मग मात्र तिचा आवाज फुटला. मी तिला जवळ घेतलं. मला मूल नाही, पण त्या क्षणी जो अभिमान वाटला तो कुठल्याही आईला हेवा वाटावा असा होता, सरळ सांगते.

संपादकांना गोष्ट इथं संपलेली पाहिजे. खरं बोलणारी मुलगी, गेलेलं प्रमोशन, वाचकाच्या डोळ्यांत पाणी, घडी बसली. पण निशाला विचारलं तर ती म्हणते, हे सगळं मधलं. ती अजून चाळीसेक घरं फिरते. फक्त आता सकाळी जात नाही, ज्या घरात जे लागतं त्या वेळेला जाते, कधी कुस्तीला, कधी मालिकेला. दर गुरुवारी माझ्या वर्गात येऊन प्रेक्षकाचं प्रकरण ती शिकवते आणि मी शेवटच्या बाकावर बसून लिहून घेते. पोरं तिला विचारतात, प्रेक्षक म्हणजे कोण? ती त्यांना त्या अहवालाचं सांगत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारचं सांगते.

पुढच्या शनिवारी ती नवा फॉर्म घेऊन गेली, घराची नोंदणी परत करायला. सहाजणी येऊन बसलेल्या. बयाबाईंच्या देखत तिनं आण्णांच्या नावावर रेघ ओढली. बयाबाईंनी त्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं आणि बोट कपाळाला लावलं.  मग पाहुण्याचं बटण शिकवायचं होतं, तर शिवानीच म्हणाली, "दाबा मावशी, रुसत न्हाय. च्या तेवढा देत जावा."

निशानं फॉर्म पुढं ओढला. "आता तुमचा नंबर, मावशी."

"माझा? माझा कुठला नंबर?"

निशानं कागद बघितला. बयाबाईंचा नंबर दोन. मीटर बसवलं त्या दिवसापासून, दोन वर्षांत, तो एकदाही दाबलेला नव्हता; ऑफिसनं आणि निशानंही धरलं होतं, ह्या टीव्ही बघतच नाहीत.

"आगं, मी कुठं बघती टीव्ही? मी आपली आत भाकऱ्या थापती."

"मागच्या शनवारी दुसरं गाणं कुठलं झालं?"

बयाबाईंनी सांगितलं. तिसरं सांगितलं. चौथं कुणी म्हटलं ते सांगितलं, तिची साडी कसल्या रंगाची होती, ढोलकीवाला कुठं चुकला आणि चुकल्यावर कसा हसला, तेही सांगितलं. सतरंजीवरच्या सहाजणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. निशा हसत नव्हती. तिनं रिमोट बयाबाईंच्या हातात दिला आणि दोनचं बटण दाखवलं.

बयाबाईंनी पिठाचे हात लुगड्याला पुसले. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. त्या दिव्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि मग सवयीनं आत जायला वळल्या.

"मावशी," निशा म्हणाली, "टीव्हीपुढनं उठलं की परत दाबाय लागतंय. दिवा जातोय."

बयाबाई थांबल्या. दिवा बघितला, आतला तवा बघितला. मग वेताची खुर्ची ओढली, आण्णांची, आणि तिच्यात बसल्या. पाय वर घेऊन, नीट ऐसपैस. गाण्यांची सुरुवात झाली तसा त्यांनी आत आवाज दिला.

"सूनबाई, भाकऱ्या तेवढ्या बघ गं. मला आता उठता येत न्हाय. मला मोजाय लागल्यात."